अर्ध्या इंचाचा उतार

गेटपासून पोर्चपर्यंत एक्केचाळीस फूट.
टेपचं एक टोक मी धरलं,
एकबाल मिस्त्रींनी दुसरं ओढत नेलं
आणि आकडा विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिला.
रुंदी साडेनऊ. पाण्याच्या टाकीपाशी आठच.

तिडके कॉलनीत राहायला आलो
तेव्हा फियाट घ्यायची ठरली होती,
म्हणून शहाबादीच्या दोन पट्ट्या टाकल्या,
चाकं जातील एवढ्याच, मधे गवत.
फियाट आली नाही.
चेतक आली, आणि सव्वीस वर्षं
डाव्या पट्टीवरून गेली.
उजवी अजून कोरी आहे.

आता यांना वॉकर.
त्याचे दोन पाय दगडावर, दोन गवतात,
आणि हे मधे उभे, ताठ,
मदत नको म्हणणारे.

मिस्त्री उकिडवे बसले, मातीचा खडा चुरला.
‘काळी आहे, वहिनी.
उन्हात तडकते, पावसात फुगते,
वर बसवलेलं काही ठेवत नाही जागेवर.
फूटभर काढू, मुरूम भरू, रोलर फिरवू,
मग वाळू, मग ब्लॉक.
ऐंशीचा घ्या. साठचा पिचतो.’
मुलगा पुण्याहून फोनवर: सरळ काँक्रीट ओता, कटकट नाही.
हे पोर्चमधून: पाणी मुरायला जागा ठेवा.
पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलीत;
मिठावरून भांडत नाहीत, पाण्यावरून भांडतात.

सतराव्या फुटावर बदामाचं मूळ
फरशी उचलून बसलंय.
मिस्त्रींनी चपलेच्या टोकाने दाखवलं: ‘कापू?’
‘वळवा,’ हे म्हणाले.
मूळ की रस्ता, ते सांगितलं नाही.
मिस्त्रींनी बिलावर रेघ वाकडी काढली.

राहिला उतार.
रस्त्यावर डांबरावर डांबर चढत गेलं,
गेट आता रस्त्याच्या खाली.
म्हणजे पाणी बाहेर जाणार नाही.
मग जाणार कुठे, हे मला माहीत होतं.
नऊ वर्षांपूर्वी ते भिंतीखालून खैरनारांकडे गेलं होतं.
ते भिजलेलं गव्हाचं पोतं घेऊन
याच गेटात उभे राहिले होते.
मी जे बोलले ते मला आठवतं.
त्यांनाही आठवत असणार.
तेव्हापासून फराळाचं ताट भिंतीवरून गेलं नाही.

लेव्हलची नळी आणली, पाण्याने भरली,
आणि मिस्त्रींचा पोरगा त्या दिवशी आलाच नाही.
पलीकडे खैरनार कुंड्यांना पाणी घालत होते.
मिस्त्री उपरे, त्यांना काय ठाऊक;
नळीचं टोक सरळ त्यांच्या हातात दिलं.
‘भिंतीला लावा काका. हलवू नका.
आधी बुडबुडा जाऊ द्या,
तो राहिला तर पाणी दोन्हीकडे खोटं बोलतं.’

मी पोर्चच्या खांबाशी,
ते भिंतीपलीकडे, चष्मा कपाळावर ढकलून.
नळीतलं पाणी वर गेलं, खाली आलं,
त्याला काही घाई नव्हती.

‘तुमच्याकडे थांबलं?’
त्यांनी विचारलं.
‘नाही अजून.’

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
एक रिक्षा गेली. बदामाचं पान पडलं.

‘आता?’
‘आता थांबलं.’

मिस्त्रींनी दोन्हीकडे पेन्सिलीची खूण केली, मोजलं.
त्यांची बाजू साडेतीन इंच खाली.
नऊ वर्षं दोघांनाही ठाऊक होतं,
मोजलं नव्हतं कुणी.

‘भिंतीकडून उलटा उतार द्या,’ हे पोर्चमधून,
‘चार फुटाला अर्धा इंच.
आणि बदामापाशी शोषखड्डा.’
खैरनारांनी नळी सोडली नव्हती अजून.
‘खड्डा जरा मोठाच काढा,’ ते म्हणाले,
‘माझ्या गच्चीचं पाणी पण सोडतो त्यात.
खोदाईचे निम्मे माझे.’

मिस्त्रींनी तेही लिहिलं, कोपऱ्यात, आडवं,
कारण जागा उरली नव्हती.
संध्याकाळी हिशेब करायला बिल उलटं केलं,
तर भरायची मुदत
कालच संपलेली.